भावाच्या कार्डावर

डिंडोली, सुरत
१२ जुलै २०२१

तीर्थरूप दादांना रंजनाचा नमस्कार.

दादा, लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यासमोर मी कधी तोंड उघडून बोलले नाही. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नसतं, असं आईने शिकवलं होतं आणि तुमचंही त्यावाचून कधी अडलं नाही. चहा ठेवला की मी बांगड्या वाजवायची, तुम्ही समजायचात. आता जे सांगायचं आहे ते बांगड्या वाजवून सांगता येणार नाही, आणि बांगड्याही राहिल्या नाहीत. फोन केला तर तुम्ही तो मंदाबाईंकडे देता आणि त्या रडायला लागतात. म्हणून पत्र लिहिते.

इथे मोफत कायदा मदत केंद्राच्या एक वकील आहेत, सोनालीताई. उधन्यात वाढलेल्या, मूळ चोपड्याकडच्या. कोर्ट बंद असल्यापासून त्या दर शनिवारी आमच्या समाजवाडीत बसतात. जमिनीवर चुन्याने गोल आखलेत, त्यात बायका नंबर लावून बसतात. माझं ऐकून त्या म्हणाल्या, "जेठांना सगळं पहिल्यापासून लिहा. माहीत असलं तरी लिहा. माहीत असलेलंच माणूस सोयीने विसरतं."

तर पहिल्यापासून. तुम्ही पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होतात. बळीरामबाबा गेल्यावर शेती बघायला गावी परतलात आणि तुमच्या जागी पल्लवीचे पप्पा लागले. नवं कार्ड काढायला वेळ जातो म्हणून ठेकेदार म्हणाला, "बोरसे गेला, बोरसे आला. हेच चालव." गेटपास तुमचा, विम्याचं कार्ड तुमचं. फोटोत तसाही नुसता मिशीचा डाग दिसतो. आपल्यातले पुष्कळ असेच लागलेत, कोणी मेहुण्याच्या कार्डावर, कोणी काकाच्या. मिलमध्ये यांना सगळे तुमच्याच नावाने, धुडकू म्हणत. बाजारात कोणी "ए धुडकू" अशी हाक मारली तरी हे वळून बघायचे आणि मी हसायची.

एप्रिलमध्ये यांना ताप आला, मग दम लागला. रिक्षातून नेलं. विम्याच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर टेबल टाकून एक माणूस बसला होता, अंगभर प्लास्टिक घातलेला. "दर्दीनुं नाम?" म्हणाला. दादा, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. मागे रांग, हे माझ्या खांद्यावर कलंडलेले आणि माझ्या तोंडातून नाव निघेना. मी पिशवीतलं कार्ड पुढे केलं. त्याने त्यावरून उतरवून घेतलं. "तमे कोण?" "वाइफ." कार्डावर बायको म्हणून मंदाबाई होत्या, त्याने तेही उतरवलं. मला दिसत होतं. पण त्या कार्डावर आत खाट मिळत होती.

त्याच आठवड्यात हे गेले. स्मशानातून मडकं मिळालं, त्यावर चिठ्ठी होती, धुडकू बी. बोरसे. तापीत सोडलं. मृत्यूचा दाखलाही त्याच नावाचा आला.

म्हणजे कागदावर तुम्ही गेलात आणि हे आहेत. खोलीसाठी यांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. कर्जदार वारला तर खोली बायकोच्या नावावर करून हप्ते लांबवून देतात. कर्जदार पळाला तर खोली ताब्यात घेतात. पतपेढीच्या हिशेबाने हे पळालेत. मी यांच्या नावाचा दाखला दिला नाही तर मी आणि पल्लवी रस्त्यावर.

सोनालीताई दिवाणी कोर्टात दावा लावतील. फी नाही. त्या म्हणतात, यात पोलिसांचं काम नाही. फक्त तुम्ही येऊन न्यायाधीशांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी धुडकू बळीराम बोरसे, मी जिवंत आहे, गेला तो माझा चुलत भाऊ. एवढंच. याल ना?

रंजना

*

मळ्यातून, ता. शिंदखेडा
२९ जुलै २०२१

चि. रंजना हिला धुडकूचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. बांधावर बसून वाचलं, घरी येऊन पुन्हा वाचलं.

माझ्या आधी आईची मुलं जगत नव्हती. म्हणून मी जन्मलो तेव्हा मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि धुडकू नाव ठेवलं, काळाने नाक मुरडून पुढे जावं म्हणून. तसंच झालं बघ. काळ माझंच नाव घेऊन आला आणि गोपालला घेऊन गेला. गोपाल माझ्याहून लहान. त्याच्या वडिलांनी, पंडितकाकांनी, त्याला सुरतेला माझ्या हवाली केलं होतं. रात्री झोप लागत नाही.

यायचं म्हटलं तर कपाशीला खत द्यायचं आहे. गाडीत चढायला रिपोर्ट मागतात. ते होईल. पण त्याआधी एक सांगतो, ते नीट ऐक.

ठेकेदाराचा फोन आला होता. सरकारने योजना काढली आहे. विम्याच्या कार्डावरचा कामगार कोरोनात गेला तर त्याच्या बायकोला जन्मभर पेन्शन. कागदावर गेलो मी, म्हणजे पेन्शन मंदाला. तो म्हणाला, "गप्प बसाल तर सगळ्यांचं भलं आहे. खरं सांगायला गेलात तर गोपाल नावाचा माणूस मिलमध्ये कधी नव्हताच. मग तुम्हालाही काही नाही आणि तिलाही काही नाही." तो स्वतःची मान सोडवतो आहे, हे मला कळतं. पण बोलतो ते खोटं नाही.

तर मी म्हणतो, मला मेलेलाच राहू दे. सुरतेत माझं आता काय काम आहे? गावात माझ्या जिवंतपणाबद्दल कोणाला शंका नाही, तेवढं पुरे. येईल ते सगळं तुला पाठवीन, दर महिन्याला, एक पैसा न ठेवता. त्यातून पतपेढी भाग. गोपालची पोर शिकेल. वकीलबाईंना सांग, दावा नको.

तुझा जेठ
धुडकू

*

डिंडोली, सुरत
९ ऑगस्ट २०२१

तीर्थरूप दादांना नमस्कार.

तुम्ही मनापासून लिहिलंत, हे अक्षरावरून कळलं. रागावू नका. मला ते नको.

मी सोनालीताईंना विचारलं, असं केलं तर काय होईल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मी हे ऐकलं नाही असं समजा. आत्ता ही चूक आहे. घाबरलेल्या बाईने फाटकावर केलेली चूक. मंदाबाईंनी पेन्शनच्या अर्जावर सही केली की तो गुन्हा होईल. मग मी तुम्हाला दिवाणी कोर्टात न्यायचं की फौजदारी?" नंतर हसल्या थोड्या. "मेलेल्याला मेलेला ठरवायला मला एक तारीख पुरते हो. जिवंत माणसाला कोर्टात आणायचं म्हणजे घाम फुटतो."

परवा पतपेढीचा माणूस दारात येऊन ओरडला, "कहाँ भागा है तेरा घरवाला?" मी आत साड्यांना स्टोन चिकटवत होते, हात तिथेच थांबला. शेजारच्या पुष्पाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तापी में गया है. जा, पकड़ के ला." तो गेला. पण जाताना त्याने वहीत काय लिहिलं असेल? भेटला नाही, असंच.

पल्लवी अकरावीचा फॉर्म भरत होती. तिने पेन तोंडात धरलं आणि विचारलं, "मम्मी, फॉर्ममां शुं लखुं? पप्पा छे के नथी?" मी तिला म्हटलं, आत्ता तिथे काही लिहू नको. तिने ती ओळ कोरी ठेवली आणि शाळेने फॉर्म परत पाठवला.

दादा, पैसे लागतात, नाही कशाला म्हणू? पण हे पळून गेलेत असं लोक बोलतात. जो माणूस बारा-बारा तास वाफेत उभा राहून आला आणि कधी एक दिवस घराबाहेर राहिला नाही, तो पळाला म्हणून लिहून ठेवलंय. ते पुसलं गेलं पाहिजे.

आणखी एक. पेन्शनसाठी मंदाबाईंना सुरतेला साहेबांसमोर उभं राहावं लागेल. कपाळ पुसून. तुम्ही जिवंत असताना. हे तुम्ही त्यांना विचारलंत का?

दावा दाखल झाला आहे. तुम्हाला साक्षीची नोटीस येईल.

रंजना

*

मळ्यातून, ता. शिंदखेडा
२० नोव्हेंबर २०२१

चि. रंजना हिला आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. बोंडअळीने कपाशी गेली. तू वाईट वाटून घेशील म्हणून लिहीत नव्हतो, पण कधीतरी कळणारच.

सप्टेंबरात मंदा सुरतेला जाऊन आली. तू विचारलंस, तिला विचारलं का. विचारलं. दोन दिवस ती नुसती भाकरी थापत राहिली, मग म्हणाली, "कव्हय जानं शे?" मी तारीख सांगितली. मी तिच्याबरोबर नंदुरबारपर्यंत गेलो आणि तिथेच उतरलो. ठेकेदाराने बजावलं होतं, तुम्ही उधन्याला कोणाला दिसायचं नाही. दिवसभर नंदुरबारच्या फलाटावर बसून राहिलो. परतीच्या गाडीत चढलो तेव्हा ती खिडकीशी होती. कपाळ पांढरं. मला बघून तिने आधी कनवटीची डबी काढून कुंकू लावलं, मग बोलली. म्हणाली, साहेबाने जास्त काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

पहिलं पेन्शन आलं. त्यातलं निम्मं मनीऑर्डरने पाठवलं आहे. ठेकेदाराला द्यावे लागले, येण्याजाण्याचा खर्च झाला, आणि खताचं उधार मागे लागलं होतं. पुढच्या महिन्यापासून पूर्ण पाठवीन. शब्द दिला आहे.

आता दावा काढून घे. आता तो चालला तर मंदा अडकेल. तुझ्या वकीलबाईंनी सांगितलंच आहे ना.

धुडकू

*

डिंडोली, सुरत
५ डिसेंबर २०२१

तीर्थरूप दादांना नमस्कार.

मनीऑर्डर परत केली आहे.

पांडेसऱ्यातल्या विम्याच्या ऑफिसला जाणारी रिक्षा आमच्या चौकावरूनच जाते. मंदाबाई माझ्या दारावरून गेल्या आणि थांबल्या नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. कपाळ पुसलेलं घेऊन त्या माझ्यासमोर कशा आल्या असत्या? मी तरी काय बोलले असते? मी खरी विधवा, त्या खोट्या, आणि दोघी सारख्याच दिसलो असतो.

दावा मी काढणार नाही. मी सोनालीताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. मंदाबाईंनी आपणहून लिहून दिलं की पेन्शन चुकीने घेतलं, ते बंद करा, घेतलेलं परत करते, तर त्यांना सांभाळून घेण्यासाठी त्या प्रयत्न करतील. पकडल्या गेल्या तर मात्र हात देता येणार नाही. जितके महिने जातील तितकं अवघड.

जानेवारीत तारीख आहे. दादा, अजूनही या. तुम्ही घाबरलात असं मी समजते. मीही त्या फाटकाशी घाबरलेच होते.

रंजना

*

मळ्यातून
१८ फेब्रुवारी २०२२

रंजना,

जानेवारीची तारीख पुन्हा कोर्ट बंद झाल्याने पुढे गेली, हे कळलं. बरं झालं.

तुझ्या कोर्टाची नोटीस आली होती. पोस्टमन माझ्याच ओट्यावर बसून पाणी प्यायला. मी त्याला म्हटलं, परत पाठव, शेरा मार, मयत. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आबा, हे तुम्हीच सांगताय?" मी म्हटलं, "मग कोण सांगणार?" त्याने लिहिलं.

आता ऐक. घराची मागची भिंत घातली. मंदाच्या गर्भाशयाचं ऑपरेशन करायचं आहे, धुळ्याच्या डॉक्टरशी बोलून ठेवलंय. ते पेन्शन आता या घरात मिसळलं आहे, वेगळं काढता येत नाही. मी तुला पाठवत होतो, तू परत केलंस. माझं देणं तिथे संपलं.

भ्यालो असं लिहिलंस. सुरुवातीला भ्यालो होतो. आता तसं नाही.

यापुढे पत्र लिहू नको. मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही.

धुडकू

*

मळ्यातून
६ मे २०२२

रंजनाबाईस मंदाचा नमस्कार.

मी पाचवीपर्यंत शिकले. चुका असतील. हे यांना न सांगता लिहिते आहे. भाचा दीपक शहाद्याला जातो, त्याच्या हाती टाकायला देईन.

मंगळवारी आखाजी झाली, अक्षय्य तृतीया. घरात घागर भरली. आपल्याकडे उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढून पितरांची नावं घेतात, ते तुला माहीत आहे. घरातला मोठा म्हणून हेच ओढतात. सासऱ्यांचं नाव घेतलं, बोट ओढलं. पंडितकाकांचं घेतलं, ओढलं. मग कुंकवात बोट बुडवलं आणि थांबले. सगळ्यांना वाटलं, आता गोपालभाऊंचं. या वर्षी तेच नवे. यांच्या तोंडातून नाव निघेना. बोटावरून कुंकू खाली टपकलं. म्हातारी सासू आतून म्हणाली, "ले ना भो नाव. ल्हाना भाऊ व्हता तो तुना." हे उठले आणि मळ्यात निघून गेले. घास टाकायचा राहिला. जेवायला आले नाहीत.

रंजनाबाई, मी तुला खरं सांगते. पहिल्यांदा कपाळ पुसलं तेव्हा मला वाटलं, घरच्या माणसासाठी करते आहे. गोपालभाऊंची पोर उपाशी राहू नये म्हणून. पैसे तुला जाणार होते ना. गाडीच्या संडासात जाऊन पुसलं. आरशात बघितलं नाही. साहेब बघत होता तेव्हा मी मान खाली घातली, त्याला वाटलं दुःखाने.

मग पैसे तुला गेले नाहीत. भिंतीला गेले. ऑपरेशन माझ्यासाठी म्हणतात, पण मी कधी मागितलं?

सुरतेहून आलेल्या एका बाईने संक्रांतीला हळदीकुंकू लावताना मला वगळलं. हात माझ्यापर्यंत आणला आणि पुढच्या बाईकडे नेला. तिने तिथे काही ऐकलं असणार. तिचं खोटं कुठे होतं?

यांच्या छातीत दुखतं आता. डॉक्टर गॅस म्हणतो. मी दर रात्री उठून यांच्या नाकाशी हात धरून बघते. मी जे पुसलं ते देवाने बघितलं असेल, असं मनात येतं.

वर्ष झालं की पुन्हा जायचं आहे, अजून विधवाच आहे हे दाखवायला. मी जाणार नाही. म्हणजे सुरतेला येईन, पण तुझ्या कोर्टात. वकीलबाईंना विचार, मी आले तर चालेल का. हे येणार नाहीत. मी कुंकू लावून येईन.

मंदा

*

डिंडोली, सुरत
१० एप्रिल २०२३

तीर्थरूप दादांना रंजनाचा नमस्कार.

तुम्ही लिहू नको म्हणाला होतात. तरी लिहिते, कारण आता तुम्हाला पत्र लिहिता येतं. सोबत कोर्टाच्या हुकुमाची झेरॉक्स आहे. मेलेला माणूस तुम्ही नाही, असं त्यात लिहिलं आहे.

मंदाबाईंनी तुम्हाला किती सांगितलं, मला माहीत नाही. म्हणून मी सांगते.

त्या कोर्टात आल्या त्या दिवशी त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि रुपयाएवढं कुंकू लावलं होतं. व्हरांड्यात मला बघितलं आणि गळ्यात पडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पानी शे का कोठे?" प्रवासात त्या पाणी प्यायल्या नव्हत्या. सोनालीताईंनी आधी त्यांच्याकडून पेन्शन बंद करण्याचा अर्ज लिहून घेतला होता, तो विम्याच्या ऑफिसात देऊन मगच आम्ही कोर्टात गेलो.

पिंजऱ्यात त्यांना विचारलं, तुमचा नवरा कुठे आहे. त्या म्हणाल्या, "मना मालक जित्ता शे, साहेब. वावरमा शे." न्यायाधीशांना थोडं मराठी कळतं. ते म्हणाले, "नाम बोलो, बेन." मंदाबाई गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. टाइप करणारा हात वर धरून बसलेला. सोनालीताई उठून म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत." न्यायाधीश म्हणाले, "बेन, आखो केस नामनो छे. नाम तो लेवुं पडशे."

तेव्हा मंदाबाईंनी पदर नीट केला, डोळे मिटले आणि लग्नात घेतात तसं घेतलं,

"तापीच्या पाण्यात सोडते दिवा,
धुडकूरावांचं नाव घेते, औक्ष मागते जीवा."

मागे बाकावर कोणीतरी हसलं. टाइप करणाऱ्याने विचारलं, "साहेब, आ बधुं लखुं?" न्यायाधीश म्हणाले, "लखो." तुमचं नाव कोर्टाच्या कागदात उखाण्यासकट आहे, दादा. झेरॉक्समध्ये तिसऱ्या पानावर बघा.

मग मला बोलावलं. मलाही तेच विचारलं, तुमच्या पतीचं नाव. मला उखाणा घेता येत नाही. तो माझा राहिला नाही. मी तिथे उभी होते आणि मला ते फाटक दिसत होतं, तो प्लास्टिकमधला माणूस आणि मागची रांग. तेव्हा नाव निघालं असतं तर आज इथे उभी नसते, असं वाटलं. नाव निघालं असतं तर खाटही मिळाली नसती, असंही वाटलं. न्यायाधीश थांबले होते. शेवटी मी घेतलं. नुसतं, मागेपुढे काही न लावता. पुष्पाबाई साक्षीला आल्या होत्या. त्या म्हणतात, तू एवढ्या मोठ्याने बोललीस की शिपाई आत डोकावला. मला आठवत नाही.

मिलकडून वकील आला होता. त्याने लिहून दिलं, या नावाचा इसम आमच्याकडे कधीही कामाला नव्हता. ठेकेदाराचा फोन बंद आहे. ज्या मशीनसमोर यांचे केस पिकले, तिथे हे कधी नव्हतेच, हे आता पक्कं झालं. विमा नाही, पेन्शन नाही. कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार देत होतं त्या मदतीची मुदत मागच्या वर्षीच संपली. उशिराचा अर्ज केला आहे, सोनालीताई म्हणाल्या, त्यावर जीव टांगून ठेवू नका.

मंदाबाईंना घेतलेलं सगळं हप्त्याने परत करायचं आहे. आपणहून सांगितलं म्हणून पोलिसांत दिलं नाही. तुमच्या घराला ते जड जाईल. त्याबद्दल मी माफी मागणार नाही आणि तुम्हीही मागू नका.

खोली राहिली. माझ्या नावावर झाली, हप्ते लांबले. पल्लवी बारावीची परीक्षा देऊन आता एका साडीच्या दुकानात बिलं करते. फॉर्मवर तिने वडिलांच्या पुढे जे लिहायचं ते लिहिलं. लिहून झाल्यावर मला दाखवलं नाही, पिशवीत टाकलं.

यांच्या नावाचा दाखला मागच्या आठवड्यात मिळाला. मी तो घेऊन तापीवर गेले. तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, तरी पुलाच्या कठड्याला टेकून थोडा वेळ उभी राहिले. मग परत आले.

दादा, या महिन्यात आखाजी आहे. घरात मोठे तुम्हीच आहात आणि तुम्ही जिवंत आहात, आता कोर्टानेही सांगितलंय. घागर भरा. बळीरामबाबांचं बोट ओढाल, पंडितबाबांचं ओढाल. त्यापुढचं थांबवू नका. गेल्या वर्षीचा घास राहिलाय यांचा.

गं. भा. रंजना गोपाल बोरसे